देवमनचा होल्ड

पडदा सरकतो आणि समोर येतं ते वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीतलं एक अंगण. डाव्या अंगाला टिनाच्या छपराचं तीन खोल्यांचं घर, चौकटीला निळा रंग. उजव्या अंगाला अगदी कुंपणाला टेकून संडास. मधोमध कडुनिंब. घराच्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीत वच्छला बसलेली आहे. उजवा हात मांडीवर, कुणी तिथं ठेवून न्यायला विसरल्यासारखा. सकाळचे आठ. मालेगावची एसटी नुकतीच फाट्यावरून गेली आहे आणि तिचा धूर अजून हवेत तरंगतो आहे.

आणि आतून प्रवेश होतो देवमनचा. वय अडुसष्ट. अंगात बाह्यांची बनियन, खांद्यावर टॉवेल, मान खांद्यांत रुतलेली, दोन्ही कान मोडून गाठीसारखे झालेले. असे कान पैलवानाचेच असतात, वर्षानुवर्षं डोक्याला डोकं घासून झालेले. तो खुर्चीपाशी येतो, जरासा वाकतो. डावा हात वच्छलेच्या काखेखालून पाठीवर, उजवा गुडघ्यांच्या मागून. एक श्वास आत. पुढच्या क्षणी पंचावन्न किलोची बाई जमिनीपासून सुटून त्याच्या छातीशी आलेली असते. ओसरीपासून संडासापर्यंत एकोणीस पावलं. तो ती न थांबता, न धापता चालून जातो.

कुंपणापलीकडून गोजराबाई हा प्रवेश रोज पाहायची. शेजारीण, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, तोंडाची मोकळी. ती म्हणायची, “नशिबाची हायेस वो वच्छले. माहा बुढा जित्ता होता तवा त्यानं पाण्याचा गिलास नाई उचलला, माणूस उचलणं तं दूरच.”

वच्छला यावर कधी हसायची नाही. देवमनच्या हे ध्यानात यायला अकरा महिने लागले.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी भाकर थापता थापता वच्छलेचा उजवा हात थांबला. मग उजवा पाय, मग तोंड एका बाजूला. अकोल्याला पंधरा दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला, उजवी बाजू गेली. जीभ मात्र महिन्याभरात परत आली, आणि गोजराबाईच्या मते पहिल्यापेक्षा धार लावून आली. घरी आणलं त्या दिवशी देवमननं तिला जीपमधून उचललं ते थेट खाटेवर नेऊन ठेवलं. तेव्हापासून खाट ते खुर्ची, खुर्ची ते संडास, संडास ते न्हाणी, सगळी ने-आण त्याच्या दोन हातांवर. या कामाला त्यानं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

उचलणं हेच त्याचं आयुष्य होतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो गावच्या आखाड्यात गेला, तेव्हा छप्पन सालच्या धर्मांतराला पंधरा वर्षं होऊन गेली होती. ते देवमनच्या घराचं झालं होतं, गावाच्या मनाचं अजून व्हायचं होतं. पहिल्या दिवशी एकही पोरगं त्याच्याशी हात मिळवायला पुढं आलं नाही. एक जण पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो आलाच नाही. पोरं भिंतीला लागून उभी, आणि मातीत देवमन एकटा, लंगोट नेसून, कुठं पाहावं ते न कळून. तेव्हा पुंजाजी वस्ताद उठले. साठीचे, चाळीस एकर जमिनीचे मालक. त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, मातीत उतरले, मूठभर माती घेऊन आधी देवमनच्या मानेला चोळली आणि मग स्वतःच्या. म्हणाले, “ये, मले धर.”

कुस्ती ही गोष्ट अशी आहे की तिच्यात माणसाला शिवल्यावाचून एक पाऊलही पुढं जाता येत नाही. महिनाभरात त्याच पोरांची देवमनशी जोर करायला, म्हणजे सरावाची झुंज घ्यायला, रांग लागली, कारण त्याच्याएवढी ताकद कुणातच नव्हती. पुढं पंधरा वर्षं तो अनसिंगला लढला, कामरगावला लढला, कुणीही उतरावं अशा जत्रेतल्या आमदंगलीत ढोलकीच्या तालावर नाचत नाचत मैदानात शिरला. त्याचा डाव ठरलेला. समोरच्याच्या बगलेत शिरायचं, त्याला खांद्यावर घ्यायचं, पाय जमिनीपासून सोडवायचे. पाय सुटले की माणूस कितीही तगडा असो, त्याचं पोतं होतं. मग ते पोतं कुठं आपटायचं एवढाच प्रश्न राहतो.

चोविसाव्या वर्षी अकोल्याला एक सरकारी शिबिर झालं. दहा दिवसांचं, गादीवरच्या कुस्तीचं. पंजाबातून शिकून आलेले एक प्रशिक्षक हिंदी-इंग्रजीत शिकवायचे आणि दर दोन वाक्यांत एक शब्द वापरायचे, होल्ड. होल्ड घे, होल्ड तोड, होल्ड बदल, होल्ड सोडू नको. देवमनला इंग्रजीचं दुसरं अक्षर येत नव्हतं, पण हा शब्द त्याच्या अंगाला लागला. आपल्या ‘पकड’ या शब्दात फक्त हात आहेत, या होल्डमध्ये काहीतरी जास्त आहे असं त्याला वाटलं. नेमकं काय ते त्याला सांगता आलं नसतं. शिबिरातून परत येताना इतरांनी बनियनी आणल्या. त्यानं तो शब्द आणला.

आणि मग आयुष्यभर वापरला. मोटारपंपाचा नट घट्ट बसला की होल्ड आला. तुरीचं रोप ओढून पाहायचं, उपटलं नाही तर तुरीनं होल्ड धरला. सरपंच निवडणुकीत पडला की त्याचा गावातला होल्ड सुटला. पोरगा उत्कर्ष आठवीत गणितात नापास झाला तेव्हा शाळेत जाऊन यानं मास्तरांना सांगितलं की पोराचा आकड्यांवर होल्ड नाही, मारू नका, शिकवा. गावानं त्याचं नाव होल्डमन ठेवलं. तो रागावला नाही. मालेगावच्या बाजार समितीत बत्तीस वर्षं हमाली केली, तिथंही व्यापाऱ्यांपासून मापाऱ्यांपर्यंत सगळे होल्डमनच म्हणायचे. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवर चढताना त्याचा पाय कधी घसरला नाही.

तर असा हा माणूस. त्याला वाटलं, बायको आजारी पडली तर पडली, आपला होल्ड शाबूत आहे.

उत्कर्षला तसं वाटत नव्हतं. तो अकोल्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आषाढात दोन दिवस रजा काढून आला आणि बापाला आईला उचलताना त्यानं पाहिलं. त्यानं आवाज न चढवता सगळं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, बायको सपना दुपारी दोनला शाळेत शिकवून घरी येते, एक बाई ठेवू. आईला तिकडंच नेतो, कायमची. देवमननं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. उत्कर्ष म्हणाला, “बाबा, तुमी सत्तरीले आले. उद्या तुमची कंबर गेली तं दोघंही खाटेवर. मंग कोण कोणाले उचलीन?”

शेवटी बोलणं एका अटीवर थांबलं. सोयाबीन निघेपर्यंत मुदत. तोवर आई आपल्या पायांनी संडासापर्यंत जायला लागली, वॉकर धरून का होईना, तर राहू दे इथं. नाही तर तो जीप घेऊन येईल. हे सगळं ओसरीत चाललं होतं. वच्छला दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

देवमननं ही गोष्ट कुस्ती लागल्यासारखी घेतली. मुदत पोरानं आईच्या पायांना दिली होती, यानं ती आपल्या कमरेला दिल्यासारखी मानली. दुसऱ्या दिवशी पहाटे गोजराबाईनं कुंपणावरून पाहिलं तर बुढा अंगणात जोर काढतो आहे. जोर झाले, बैठका झाल्या. पोराला दाखवून द्यायचं की अजून दहा वर्षं या हातांना काही होत नाही. गोजराबाईनं विचारलं की देवमनभाऊ, कोणत्या जत्रेले चालले, तर तो म्हणाला, घरच्याच.

उत्कर्षनं जाताना एक कागद दिला होता, मालेगावात दर गुरुवारी फिजिओथेरपी करणाऱ्या एका मुलीचं नाव लिहिलेला. देवमन निव्वळ पोराचा शब्द राखायला म्हणून वच्छलेला घेऊन गेला. मुलीचं नाव ज्योत्स्ना, सव्वीस-सत्तावीसची, अनसिंगच्या शेतकऱ्याची लेक. दवाखान्याच्या दारात ऑटो थांबला. देवमन उतरला, वच्छलेला उचललं, तीन पायऱ्या चढला, बाकावरच्या पेशंटांच्या पायांमधून वाट काढत आत गेला आणि तिला तपासायच्या टेबलावर अलगद ठेवलं. बाकावरचे लोक पाहत राहिले. एकानं मोबाईल काढला.

ज्योत्स्नानंही पाहिलं. ती म्हणाली, “भारी हो काका. आता काकूले परत तिथून उचला आन् या खुर्चीत बसवा.”

त्यानं बसवलं. मग ती वच्छलेसमोर जमिनीवर उकिडवी बसली.

“काकू, काकानं उचललं तवा तुमी काय केलं?”

“म्या? म्या काय करीन माय,” वच्छला म्हणाली. “डोये मिटले.”

“रोजच मिटता?”

“रोजच.”

ज्योत्स्नानं वच्छलेचा उजवा पाय उचलला, तळव्याला आपला पंजा लावला आणि ढकला म्हणाली. थोडा वेळ गेला. मग तिनं देवमनला बोलावलं, त्याचा पंजा तिथं ठेवला आणि वच्छलेला पुन्हा ढकलायला सांगितलं. देवमनला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं. उंदराचं पिल्लू नाकानं ढोसतं तेवढं काहीतरी त्याच्या तळहाताला लागलं, थांबलं, पुन्हा लागलं.

ज्योत्स्ना म्हणाली की हा पाय मेलेला नाही. अकरा महिने याला कुणी काम सांगितलेलं नाही एवढंच. आणि मग, उठता उठता, फारसा विचार न करता बोलून गेली, “तुमचा होल्ड इतका पक्का हाय काका, का काकूच्या पायाले जमीनच भेटून नाई राह्यली.”

त्या मुलीला देवमनचं गावातलं नाव माहीत नव्हतं. ज्याच्या त्याच्या तोंडात सहज येणारा शब्द, तोच तिच्याही आला. पण देवमनला तो लागला. घरी आल्यावर त्यानं वच्छलेला खुर्चीत ठेवलं, समोर ओसरीच्या कडेवर बसला आणि विचारलं, “पाय हालते हे तुले माईत होतं?”

“होतं.”

“कवापासून?”

“होळीपासून.”

“मंग सांगतलं काहून नाई?”

वच्छला कडुनिंबाकडे पाहत होती. म्हणाली, “तुमी मले उचलता ना, तवा तुमच्या तोंडावर असा उजेड राह्यते. बाजार समितीतून घरी बसल्यापासून तो मी पाह्यला नव्हता. म्हटलं, राहू दे. इतके दिवस हारली, अजून थोडे दिवस हारीन.”

ठरवून हरण्याच्या लढतीला पैलवान नुरा कुस्ती म्हणतात. देवमननं ती आयुष्यात एकदाही केली नव्हती. एकदा कामरगावला कुणी सुचवलं तर तो मैदान सोडून चालत घरी आला होता. आणि इथं त्याच्या स्वतःच्या अंगणात होळीपासून रोज सकाळी आठ वाजता तीच चालली होती, आणि जिंकणारा तो होता. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. बायकोला उचलताना आपण नेमकं काय करतो हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. समोरच्याचे पाय जमिनीपासून सोडवायचे. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

पुढचे दोन दिवस त्यानं उलटं टोक गाठलं. वच्छलेला उभं केलं आणि हात काढून घेतले. ती पडली. पडता पडता तो खाली शिरला आणि तिला आपल्या अंगावर घेतलं, त्यामुळं तिला काही झालं नाही, त्याचं कोपर सोलून निघालं. गोजराबाईनं दोघांनाही शिव्या घातल्या. त्यानंतर वच्छला उभी राहायलाच घाबरू लागली, आणि खरं सांगायचं तर तिच्याहून जास्त तो.

तिसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीचा घास तोंडात असताना त्याला पुंजाजी आठवले. लढतानाचे नव्हे, शिकवतानाचे. नव्या पोराशी जोर करताना वस्ताद त्याला कधी धरत नसत. आपला हात कोपरापासून पुढं करून खांबासारखे उभे राहायचे आणि म्हणायचे, ढकल. पोरगं ढकलायचं. ते हलायचे नाहीत, पण पडूही द्यायचे नाहीत. पोराचा तोल गेला तर खाली आखाड्याची माती, नांगरलेली, चाळलेली, तेल-ताक-हळद पाजून लोण्यासारखी केलेली. मातीत पडलेलं पोरगं रडत नाही, अंग झटकून उठतं.

देवमन जेवण अर्धं टाकून उठला.

गावचा आखाडा बंद होऊन वीस वर्षं झाली होती. तिथं गाजरगवत माजलं होतं. त्यानं ते उपटलं, खाली दोन हात खणलं आणि हातगाडीवर माती भरभरून अंगणात आणली. चाळली. त्यात ताक घातलं, गोडं तेल घातलं, घरातली सगळी हळद संपवली. लोकांनी विचारलं तर सांगे, वच्छलेले आखाडा करून राह्यलो. दुपारपर्यंत ही गोष्ट फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचली. होल्डमन बुढीले कुस्ती शिकवून राह्यला, म्हणत माणसं कारण काढून त्याच्या घरावरून जाऊ लागली.

ज्योत्स्नाला फोन केला तर ती आधी ओरडलीच. पायाखाली भुसभुशीत माती अजिबात चालणार नाही म्हणाली, टणक पाहिजे. देवमन म्हणाला, पायाखाली कोण ठेवून राह्यलं, मी तं बाजूनं टाकून राह्यलो. मग तिला हळूहळू चित्र दिसलं. ओसरीपासून संडासापर्यंत शहाबादी फरशीची दोन हात रुंद पट्टी, अगदी समतल, खरबरीत बाजू वर. आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना दीड-दीड हात खोल आखाड्याची माती. चालायला फरशी, पडायला माती. पाऊस लागू नये म्हणून वरून सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री. ज्योत्स्ना म्हणाली की पुस्तकात असं काही नाही, पण करा.

रोज सकाळी सहाला जोर सुरू व्हायचा. वच्छला खुर्चीच्या कडेवर पुढं सरकायची. देवमन समोर उभा राहायचा, दोन्ही हात कोपरापासून पुढं. मातीची चिमूट तो तिच्या मानेला लावायचा, ती डाव्या हातानं त्याच्या. मग तिनं त्याच्या हातांवर भार टाकायचा आणि उठायचं. त्यानं फक्त उभं राहायचं.

नियम साधा होता, आणि देवमनला तो जमेना. बोटं आपोआप मिटायची. तिचा गुडघा थरथरला की त्याचा पंजा तिच्या दंडाभोवती केव्हा आवळला जायचा ते त्याला कळायचंही नाही.

“सोडा,” वच्छला म्हणायची.

“धरलं कुठं?”

“मंग हे दंडाले काय चिकटलं हाय? घोरपड हाय काय?”

उपाय तिनंच काढला. पाण्यानं काठोकाठ भरलेले दोन तांबे त्याच्या दोन्ही हातांत दिले. आता धर म्हटलं तरी धरता येणार नव्हतं. ती त्याच्या मनगटांच्या मागं भार देऊन उठायची, आणि तो तांबे सांभाळत, श्वास रोखून, पुतळ्यासारखा. पाणी सांडलं की तिचा जय. पहिल्या आठवड्यात त्याचा पायजमा रोज भिजला. कुंपणाला रेलून बसणारी माणसं आता हसायला येत होती की पाहायला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गोजराबाईनं पावलं मोजायचं काम आपणहून घेतलं होतं आणि ती ते खणखणीत आवाजात करायची.

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि वच्छलेनं नवऱ्याची एकही कुस्ती पाहिली नव्हती. दंगलीला बायका जात नसत. तिला फक्त परत आलेला देवमन माहीत होता, मातीनं माखलेला, कधी फेटा बांधलेला, कधी ओठ फुटलेला. आता ती विश्रांतीला खुर्चीत बसली की विचारायची, अनसिंगला काय झालं होतं, तो वाशीमचा पैलवान कसा होता, त्याला कसा घेतलात. तो मातीत उतरून एकट्यानंच दाखवायचा, इकडून हात, इकडून मान, समोर नसलेल्या पैलवानाच्या बगलेत शिरायचा. एकदा सगळं पाहून झाल्यावर ती म्हणाली, “एवढ्यासाठी गावोगाव हिंडत होते तुमी? मले वाटे, काई मोठं राह्यते.” तो इतका हसला की ओसरीवर मटकन बसला.

श्रावणात ती वीस अंक मोजेपर्यंत उभी राहिली. पोळ्याला वॉकर डाव्या हातानं धरून, उजवा नुसता दांडीवर ठेवून, चार पावलं. भादव्याच्या शेवटी सात, मग नऊ. तीनदा मातीत पडली. पहिल्यांदा रडली, दुसऱ्यांदा चिडली. तिसऱ्यांदा पडल्या पडल्या म्हणाली की माती चांगली थंड आहे, थोडं पडू द्या. पडल्यावर उठायचं कसं हे ज्योत्स्नानं शिकवलं होतं, डाव्या कुशीवर वळायचं, डावा गुडघा दुमडायचा, फरशीवर हात रोवायचा. पण अकराव्या पावलापुढं तिची मजल गेली नव्हती, आणि शेतातलं सोयाबीन पिवळं पडून खडखडायला लागलं होतं.

रविवारी दुपारी जीप आली. उत्कर्ष, सपना आणि मागच्या बाजूला घडी केलेली व्हीलचेअर. गोजराबाई त्या दिवशी सोंगणीला शेतात गेली होती. सोयाबीन पोत्यांवर वाळत पडलं होतं. उत्कर्षनं वाकून आईची विचारपूस केली, फरशीची पट्टी आणि दोन्हीकडची माती पाहिली आणि बापाकडे अशा नजरेनं पाहिलं की बिचाऱ्याचं डोकं तर फिरलं नाही ना. देवमन काही समजावण्याच्या भानगडीत पडला नाही. तो ओसरीच्या कडेवर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

वच्छलेनं वॉकर पुढं घेतला. उठली. सपनाच्या तोंडून हलकेच “आई” निघालं. एक, दोन, तीन. मोजायला गोजराबाई नव्हती, म्हणून देवमन ओठांतल्या ओठांत मोजत होता. उजवा पाय फरशीवर घासत यायचा, थांबायचा, मग भार घ्यायचा. आठ. नऊ. दहाव्या पावलाला ती कडुनिंबापाशी थांबली, श्वास घेतला. अकरा. बारा. बाराव्याला वॉकरचा पाय फरशीच्या सांध्यात अडकला. ती डावीकडे कलली आणि सगळी मातीत गेली.

उत्कर्ष धावला. पण देवमन त्याच्याही आधी उठला होता. आयुष्यभराची सगळी ताकद त्याच्या पंज्यात आली आणि तो पंजा मिटला. मिटला तो वच्छलेवर नव्हे, पोराच्या मनगटावर.

“बाबा, सोडा. पडली थे!”

“पडली,” देवमन म्हणाला. “आता उठते.”

उत्कर्षनं हात ओढून पाहिला. सुटणार नव्हता. दोघे बाप-लेक फरशीच्या कडेला तसेच उभे राहिले. वच्छला मातीत पालथी होती. काही वेळ तिनं काहीच केलं नाही. तो वेळ देवमनला कुठल्याही दंगलीतल्या कुस्तीपेक्षा मोठा वाटला. तिला उचलायला चार पावलं पुरे होती, एक श्वास पुरे होता. त्याच्या खांद्यातली शीर न् शीर तेच म्हणत होती. तो जागचा हलला नाही.

मग ती डाव्या कुशीवर वळली. गुडघा दुमडला. फरशीवर हात रोवला, घसरला, पुन्हा रोवला. वॉकर ओढून जवळ घेतला. उठायला तिला किती वेळ लागला ते कुणी पाहिलं नाही, पण जीपचा ड्रायव्हर बिडी संपवून आत डोकावला तेव्हा ती उभी होती, केसांत माती, गालाला हळदीचा पिवळा डाग, आणि तोंडावर असा काही भाव की त्यानं डोकं परत बाहेर घेतलं. तेरा, चौदा, पंधरा. उरलेली पावलं तिनं न थांबता काढली. दाराला हात लावला, मागं वळली आणि म्हणाली की आता सगळे जण तिकडं तोंड करा, मला आत जायचं आहे.

संध्याकाळचा चहा झाल्यावर उत्कर्षनं आईसमोर जमिनीवर बसून विचारलं की काय करायचं, तू सांग. हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, आणि तिची उत्तरं तयार होती. राहायचं इथंच. फरशी इथं आहे, गोजराबाई इथं आहे. मात्र आंघोळ इथून पुढं गोजराबाई घालील, हे नाहीत. आणि आता आठ दिवस ती अकोल्याला येणार आहे, नातीला भेटायला, पाहुणी म्हणून. देवमननं विचारलं की मग मी, तर ती म्हणाली, सोयाबीन वाळत आहे, ते सोडून कसे याल.

व्हीलचेअर घडी केलेलीच राहिली. जीपपाशी आल्यावर देवमनचे हात सवयीनं पुढं गेले, एक काखेकडे, एक गुडघ्यांकडे. ते तसेच हवेत थांबले. वच्छलेनं ते पाहिलं. तिनं दारावरची कडी डाव्या हातानं धरली, पायरीवर पाय ठेवला, सपनानं मागून नुसता तळहात टेकवला, आणि ती आत जाऊन बसली. जीप वळली आणि फाट्याकडे निघाली. देवमन धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभा होता.

गोजराबाई विळा कमरेला खोचून शेतातून आली, तेव्हा तो पोत्यांवरचं सोयाबीन पायानं वरखाली करत होता. ओसरीतली खुर्ची रिकामी. तिनं खुर्चीकडे पाहिलं, जीपच्या चाकांच्या खुणांकडे पाहिलं. नेलीच का शेवटी पोरानं उचलून, तिनं विचारलं.

देवमन म्हणाला, “उचलून कोण नेते? आपल्या पायानं चढली गाडीत. आठ दिवसानं येते, तवा तुमीच पाह्यजा.”